चाकाचा फाटा आहे, पण चाक कुठंय?

काल पुन्हा वळण चुकलं. माझं नाही, माझ्या पुढच्या एसटीचं. आमच्याकडच्या मनोरंजन पार्कला निघालेली शाळेची सहल होती. खिडक्यांतून चाळीसेक पोरं डोकावत होती. फाटा मागं पडल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं की हाच तो फाटा. त्यानं गाडी कडेला घेतली आणि महामार्गावर रिव्हर्स टाकला. मागून भरधाव ट्रक येतायत आणि त्यांच्या तोंडावर मुलांनी भरलेली गाडी उलटी सरकतेय. मी माझी गाडी कडेला लावली, खाली उतरले आणि ओढणी हलवत मागच्यांना थांबवत राहिले. सहलीबरोबरच्या बाई दारात उभ्या राहून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या. दोन-तीन मिनिटांत एसटी सर्व्हिस रोडला लागली. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळपर्यंत माझे हात कापत होते. आज हात शांत आहेत, डोकं नाही.

फाट्यावर पार्कची पाटी का नाही? दीड वर्ष झालं, एक पाटी का उभी राहत नाही?

या पार्कला तीस वर्षं होऊन गेली. मी पहिल्यांदा गेले ती चौथीच्या सहलीला. तेव्हा रस्ता दुपदरी होता आणि फाट्यावर एक लोखंडी पाटी होती. पाटी कसली, रंगवलेला आकाशपाळणाच. लाल-पिवळ्या पाळण्यांचं भलंमोठं चाक, खाली बाण, बाणावर पार्कचं नाव. पेंटरनं हातानं काढलेलं, दर दोन वर्षांनी नवा रंग. वळणाआधीच्या चढावरून ते चाक दिसलं की गाडीतली पोरं आरडाओरडा सुरू करायची. त्या पाटीनं फाट्याचं नावच बदलून टाकलं. कागदावर गावाचं नाव वेगळं आहे, पण कंडक्टर 'चाकाचा फाटा' असंच ओरडतात, लोक तिकीटही तसंच मागतात. वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, गाड्यावालेही तेच म्हणतात, लग्नपत्रिकेवर पत्त्याखाली 'चाकाच्या फाट्यापासून आत दोन किलोमीटर' असं छापतात. एवढी ती पाटी लोकांची झाली होती.

मे २०२४ नंतर ती गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची आणि उभं केलं होतं १२० बाय १२०. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्याला होर्डिंगखाली पाच जण गेले, ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात चार जण. वारा-पाऊस आला म्हणून आडोशाला उभी राहिलेली माणसं, सिग्नलला थांबलेली माणसं, कुणाच्या तरी जाहिरातीखाली चिरडून मेली. त्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या, सांगाडे उतरवले गेले. आमच्या चाकाला जुना ग्रामपंचायतीचा ठराव होता, बाकी कुठलीच परवानगी नव्हती. खांब गंजले होते. उतरवलं. आमच्यातल्या एकानंही तेव्हा तक्रार केली नाही. उतरवताना आम्ही पंधरा-वीस जण तिथं उभे होतो, वाईट वाटलं, पण चुकीचं काही चाललंय असं वाटलं नाही. नवीन करा, नियमात करा, मजबूत करा, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं.

पार्कच्या मालकांनी तेच केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये रीतसर अर्ज दिला. सातबारा, नकाशा, झोन दाखला, अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीची ना हरकत, सगळं जोडून. आकार जुन्याच्या निम्मा. दिवे नाहीत, जाहिरात नाही, फक्त चाक, नाव आणि बाण. तेव्हापासून ही फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतेय. त्रुटीपत्र येतं, त्रुटी पूर्ण करून देतात, मग नवं त्रुटीपत्र येतं आणि त्यात पहिल्या वेळी न विचारलेलं काहीतरी असतं. नकाशाच्या आणखी तीन प्रती. नवा सातबारा, कारण आधीचा सहा महिन्यांपेक्षा जुना झाला. अरे, तो जुना झाला तुमच्या टेबलावर पडून पडून!

आणि आडवं काय येतंय तेही सांगते, कारण 'नियम आहे' एवढं म्हणून गप्प बसवतात. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा, तिच्या आत बांधकाम नाही, आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा, तिच्या आत परवानगीशिवाय नाही. म्हणजे फाट्यावर पार्कच्या मालकीचा जो जमिनीचा तुकडा आहे, जिथं जुनं चाक होतं, तो सगळा रेषेच्या आत. कार्यालय म्हणतं, रेषेच्या बाहेर लावा. रेषेच्या बाहेर म्हणजे आत पाऊणशे मीटर, मध्ये पेट्रोल पंपाचं छत आणि जुनी चिंचेची झाडं. मी स्वतः रस्त्यावर उभी राहून बघितलंय. तिथं दुमजली पाटी लावली तरी दिसणार नाही. बरं, तीही जागा शेती विभागात येते. म्हणून दुसरं कार्यालय म्हणतं, शेती विभागात व्यावसायिक फलक चालणार नाही.

इथं माझा तोल जातो. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागात मनोरंजन उद्यान चालतं. त्यात जायंट व्हील, रोलर कोस्टर, मेरी-गो-राउंड अशी नावं घेऊन लिहिलंय. म्हणजे शेतात खरा आकाशपाळणा उभा करायला शासनाची हरकत नाही, पाच मजली उंच, फिरणारा, माणसं बसवलेला. पण त्या पाळण्याकडे जायचा रस्ता कुठला हे सांगणारा रंगवलेला पाळणा नको! कुणी ठरवलं हे? कुठल्या कलमात लिहिलंय? विचारलं तर कलम दाखवत नाहीत. 'वरून अभिप्राय मागवलाय' म्हणतात. वर म्हणजे कुठं, कोण, कधी पाठवलं, जावक क्रमांक काय, तर साहेब मीटिंगला गेलेत.

मग आम्ही दुसरा मार्ग सुचवला. आम्ही म्हणजे दर महिन्याला न चुकता पार्कला जाणारे लोक. कुणी शिक्षक, कुणी मेकॅनिक, एक दाम्पत्य सत्तरी ओलांडलेलं, जे आजही कोलंबस नावाच्या झुलत्या जहाजाच्या शेवटच्या रांगेतच बसतं. आम्ही अर्ज दिला की पार्कची पाटी बाजूला राहू द्या, रस्त्याच्या खात्यानं आपली सरकारी पाटी लावावी. रस्त्यांच्या चिन्हांची जी संहिता आहे, आयआरसी ६७, तिच्यात पर्यटनस्थळांसाठी तपकिरी पाट्या आहेतच. पाचशे मीटर आधी एक, वळणावर एक. उत्तर आलं की खासगी संस्था असल्यानं देता येत नाही. पेट्रोल पंप खासगी नसतो? हॉटेल सरकार चालवतं? त्यांच्या निळ्या पाट्या महामार्गावर जागोजाग आहेत. त्या योग्यच आहेत, वाहनचालकाला त्यांची गरज असते. मग ज्या ठिकाणी दर रविवारी शेकडो गाड्या वळतात तिथं गरज नसते का?

पाटी म्हणजे त्यांना जाहिरात वाटते. नाही हो. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. वळण ५० मीटरवर आलं तेव्हा कळलं, तर ड्रायव्हरच्या हातात दोन सेकंद असतात. दोन सेकंदांत आरसा बघायचा, लेन सोडायची, वेग कमी करायचा? नाही जमत, म्हणून लोक कचकन ब्रेक मारतात. नाहीतर पुढं जातात आणि पुढचा अंडरपास सहा किलोमीटरवर आहे हे कळल्यावर उलट्या दिशेनं परत येतात. पाचशे मीटर आधी पाटी असेल तर वीस-बावीस सेकंद मिळतात. हा हिशोब मी त्या टेबलासमोर बसून सांगितला, कागदावर मांडून दिला. समोरच्या माणसानं कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाला, 'मॅडम, अपघाताची नोंद आहे का? नोंद असेल तर प्रस्तावाला वजन येतं.'

वजन येतं! कुणीतरी मरायची वाट बघायची का आम्ही?

आणि आता फाट्यावर या. चाकाच्या जुन्या खांबांच्या चौथऱ्यावर, अगदी त्याच जागी, आज काय आहे? वाढदिवसाचा फ्लेक्स. वीस फुटी. हात जोडलेले भाऊ मध्यभागी, खाली पासपोर्ट फोटोएवढे पस्तीस-चाळीस चेहरे, शुभेच्छुक समस्त मित्रपरिवार. वाढदिवस होऊन अडीच महिने झाले. बांबूचा सांगाडा, सुतळीनं बांधलेला, वाऱ्यात फडफडतोय. याला इमारत रेषा नाही, नियंत्रण रेषा नाही, झोन नाही, स्थैर्य प्रमाणपत्र नाही. त्याच्या आधी दहीहंडीचा होता, त्याच्या आधी कुणाच्या तरी निवडीचा. बेकायदा फलकांविरुद्ध सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्येच सविस्तर निकाल दिलाय. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा तर १९९५ चा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळं कागदावर आहे. माझा राग नियमावर नाही. घाटकोपरनंतर कुणाचाच नसावा. राग याचा आहे की नियम फक्त त्यालाच लागतो जो परवानगी मागायला जातो. ज्यानं विचारलं तो दीड वर्ष खेटे घालतोय. ज्यानं विचारलंच नाही त्याचा फ्लेक्स फाट्यावर फडकतोय.

फाट्यावर एका मावशींची चहाची टपरी आहे. रविवारी त्यांना चहा गाळायला उसंत मिळत नाही. 'मावशी, पार्क कुठं?' 'मावशी, चाक दिसत नाही ओ?' 'मावशी, मॅप पोल्ट्रीत घेऊन गेला.' दिवसभर हेच. मोबाइलचा नकाशा खरंच मागच्या पोल्ट्रीच्या बोळात नेतो, तिथं गाडी वळत नाही, पोल्ट्रीवाला वैतागलाय, भांडणं होतात. शेवटी मावशींनी काय केलं, शेजारच्या मोरीच्या कठड्यावर चुन्यानं एक बाण काढला आणि नातवाकडून 'पार्क' असं लिहून घेतलं. बस, एवढंच. चौथ्या दिवशी गाडी आली. सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण केलं म्हणून मावशींना झापलं आणि त्यांच्याकडूनच ते पुसून घेतलं. साठ वर्षांची बाई, खराटा घेऊन कठडा घासतेय, आणि तिच्या डोक्यावर तो वीस फुटी फ्लेक्स. मी तिथं होते. मी त्या माणसांना फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारलं, हा का नाही काढत? एकजण म्हणाला, 'तो आमच्या अखत्यारीत येत नाही.' कठडा येतो, त्याच्या वर दहा फुटांवरचं येत नाही.

लोक म्हणतात, एवढं काय, एक पार्कच तर आहे. मला हे वाक्य ऐकवत नाही. आमच्या भागात मुलांना न्यायला दुसरं आहे काय? गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, एका अख्ख्या पिढीचं बालपण त्यात गेलं, आणि आज त्या राइड्स बंद आहेत. पार्क बंद पडायला एकच मोठं कारण लागतं असं नाही. सहली कमी होतात, मग एक राइड दुरुस्तीशिवाय उभी राहते, मग दुसरी. आमच्या पार्कात टोराटोरा नावाची राइड आहे, ती आठ महिने ताडपत्री घालून ठेवलीय. मालकांनी मागच्या महिन्यात सांगितलं की दोन शाळांनी यंदा सहल दुसरीकडे नेली, कारण गेल्या वर्षी बस तासभर भटकली. तिकीट खिडकीवरच्या मुली, पाळणा चालवणारी माणसं, सगळी आसपासच्या चार गावांतली आहेत. मक्याची कणसं विकणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या पोटाचा विचार कुठल्या रकान्यात भरायचा ते तरी सांगा.

नवं चाक तयार आहे हो! तेच सांगायचं राहिलं. वर्कशॉपच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये उभं करून ठेवलंय. जुन्या पेंटरच्या मुलानं रंगवलंय, तेच लाल-पिवळे पाळणे, बाण मात्र आता परावर्तित होणारा, रात्री दिव्यात चमकेल असा. आम्ही सगळे बघून आलो. माझ्या मुलीनं त्यातल्या एका पाळण्यात दोन पोरं रंगवायचा हट्ट धरला आणि त्यानं तिथल्या तिथं रंगवून दिली. आता त्यावर धूळ बसलीय. एका कोपऱ्यात चिमण्यांनी घरटं केलंय.

पुढची तारीख संयुक्त पाहणीची आहे. दोन्ही कार्यालयांची माणसं एकाच दिवशी फाट्यावर येणार, जागा मोजणार. याआधी ती तीनदा ठरली आणि तीनदा रद्द झाली. एकदा गाडी नव्हती, एकदा साहेबांची बदली, एकदा कारणच दिलं नाही. या वेळी आम्ही सगळे तिथं असणार आहोत. कालच्या त्या शाळेच्या बाईंचा नंबर मी घेतलाय, त्या पण येतो म्हणाल्यात, लेखी द्यायला तयार आहेत.

तोवर मावशींचा नातू रविवारी सर्व्हिस रोडच्या तोंडाशी उभा राहतो. सातवीत आहे. हातात खोक्याचा पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं काढलेलं चाक. गाडी हळू झाली की पुठ्ठा वर करतो. काल एसटी मागं येत होती तेव्हाही तो तिथंच होता, बसच्या मागच्या चाकापासून चार हातांवर.