साडेसहा तासांची अमेरिका

मुलीकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं आणि नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एकच प्रश्न सुरू झाला, "किती तास लागतात हो?" मी सांगायचो, सोळा. शेजारच्या तात्यांनी मात्र तिकीटच मागून घेतलं.

"रात्री दीडला मुंबईहून निघणार, सकाळी आठला तिथे. तारीख तीच. साडेसहा तास! सोळा कुठून आणलेत?"

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, असं मी समजावलं.

"असेल त्यांचं मागे. आपण आपलं का बिघडवायचं?"

मग मी नातवाचा पृथ्वीगोल काढला. हिच्या गजऱ्याचा दोरा मुंबईवर धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. पण दोरा पश्चिमेला जायचं सोडून वर चढला, नॉर्वे, आइसलँड करत पलीकडे उतरला. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सीबीएस स्टँडवरून पंचवटीला जाताना रिक्षा उलटी नाशिकरोडला वळलीय. गोलावर हाच सगळ्यांत जवळचा रस्ता, म्हटलं. येताना तर वारा पाठीशी असतो, तास-दोन तास वाचतात.

"म्हणजे कसाऱ्याचा घाट. जाताना चढ, येताना उतार." वास्तविक मुंबईला जाताना कसारा उतरावा लागतो, पण मी वाद घातला नाही.

बॅगांचं वजन हा वेगळाच अध्याय. तेवीस किलोंची मर्यादा. बॅग कवटाळून मी वजनकाट्यावर उभा, पोटाआड आकडा दिसेना, म्हणून ही वाकून वाचणार आणि त्यातून माझं वजन वजा करणार. दर वेळी चिवड्याचं एक पाकीट बाहेर निघायचं आणि दर वेळी हिचं तेच, "बॅगेचं ठीक आहे, तुमचंच वाढलंय."

निघायच्या दिवशी दुपारी दोनला गाडीत बसलो. पाथर्डी फाट्यावर आठवलं, लोणचं फ्रिजवर राहिलं. परत फिरलो. इगतपुरीला समृद्धीवर चढलो आणि आमण्यापर्यंतचे 76 किलोमीटर असे गेले, की ही म्हणाली, "उगाच लवकर निघालो." हे शब्द भिवंडीने ऐकले असावेत. पुढे पाऊस, खड्डे आणि डोळ्यांसमोर एकाच कंटेनरची पाठ. तिच्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज' मी इतक्या वेळा वाचलं, की प्लीजमधली सुटलेली वेलांटीही सापडली.

विमानतळाच्या दारात उतरलो, तात्यांना फोन लावला. "पोचलो एकदाचे. दोनला निघालो होतो, आता साडेआठ."

पलीकडे थोडा वेळ शांतता. हिशेब चालला असणार.

"साडेसहा तास झाले? अहो, मग अर्ध्यावर आलात की!"