कोडी सोपी नकोतच!

‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ या कॉम्प्युटर गेममधली कोडी छळवादी आहेत, गेमनेच उत्तराची हिंट द्यायला हवी होती, असं तुमच्या लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. हिंट मिळाली तर मग उरलं काय? चार कैद्यांना डोंगराच्या पोटात ढकललंय, जिवंत बाहेर आलात तर गुन्हे माफ. तिथं हिंट कोण देणार?

२०१२ साली फिनलंडच्या छोट्या टीमने काढलेला हा गेम १९८७च्या ‘डंजन मास्टर’ या गेमच्या वळणाचा आहे. एकेक चौकोन पुढे सरकायचं. मी ‘ओल्ड स्कूल’ मोड लावून खेळलो, त्यात नकाशा आपोआप बनत नाही. मग काय, कॉलेज रोडवरून चौकटीची वही आणली आणि पेन्सिलने एकेक मजला काढत बसलो. आई म्हणे, आता गणित सुचतंय होय रे! एक दार सारखं बंद व्हायचं. जमिनीतल्या फरशीवर उभं राहिलं की उघडायचं, पाय काढला की धाडकन खाली. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी वैतागून हातातला दगड तिथंच टाकला, तर दार उघडंच राहिलं. वजन हवं होतं, बस्स.

भिंतीतली छुपी बटणं मात्र अती बारीक आहेत, हे तुमचं खरं. माझा भाचा तर ते बघून पांडवलेण्यांत प्रत्येक उंचवटा दाबत फिरत होता, रखवालदार ओरडला शेवटी.

मारामारीबद्दल लेखात दोनच ओळी का?