जाणीव आहे हो, जाब विचारायची सोय नाही

पावसाळा सुरू झाला की घरच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: "नागरिकांमध्ये जनजागृतीची गरज आहे." डेंग्यू वाढो, कचरा तुंबो, हवा बिघडो, औषध एकच. आम्ही परदेशातली मंडळी तर त्यात हौसेनं भर घालतो, "इकडे लोक बघा किती जागरूक!" मी स्टुटगार्टला राहतो. मला हे पटत नाही.

डेंग्यूचंच घ्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, असा सल्ला असतो. सल्ला बरोबरच आहे. पण संभाजीनगरात जायकवाडीचं पाणी नळाला आठ-आठ दिवसांनी येतं, तेव्हा हौद, ड्रम, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवावा लागतो. एडिस डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे नळाचं वेळापत्रक डासाच्या सोयीनंच आखल्यासारखं! सिडकोतल्या माझ्या मावशीला हे सगळं पाठ आहे. आशाताई येऊन सांगून जातात, हौदात अ‍ॅबेट हे डासाच्या अळ्या मारणारं औषध टाकून जातात, मावशी ड्रमच्या तोंडाला जुनी साडी बांधते. पाणी ओतून दे म्हटलं की विचारते, "मग उद्या काय पिऊ रे, तुझ्या जर्मनीचं पाणी?" हिला आता कसली जागृती करणार?

कचऱ्याचंही तेच. संभाजीनगरच्या नारेगाव कचरा डेपोशेजारच्या गावांना वास, धूर आणि विहिरींचं बिघडलेलं पाणी समजावून सांगायला कुणी तज्ज्ञ लागला नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या, मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिथं कचरा टाकायला बंदी केली, आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग लागले. मग गाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला मिटमिट्याकडे वळल्या, तिथं दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. आपल्या दारात घाण नको, हे सगळ्यांनाच कळत होतं. ती कुणाच्या दारात टाकायची, एवढाच वाद होता. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं आली, तीही गळ्याशी आल्यावरच.

योगायोग असा की त्याच फेब्रुवारीच्या 27 तारखेला लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की हवा सुधारण्यासाठी शहरांत डिझेल गाड्यांवर बंदी घालता येते. खटला स्टुटगार्ट आणि ड्युसेलडॉर्फचा होता. 2019 पासून इथं जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तर हेच "जागरूक" लोक पिवळी जाकिटं घालून बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरले. स्टुटगार्टच्या नेकारटोर चौकातलं हवा मोजणारं यंत्र चुकीच्या जागी बसवलंय, इथपर्यंत वाद गेला. हवेचे आकडे तोंडपाठ असूनही माणसं आपल्या गाडीच्या बाजूनंच उभी राहिली. मिटमिट्यापेक्षा ही फार वेगळी जात नव्हे.

फरक आहे तो दुसरीकडे. म्युनिकच्या एका रहिवाशानं घराजवळच्या रस्त्यावरची धूळ मर्यादेबाहेर गेली म्हणून दावा लावला होता. 2008 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की अशा माणसाला प्रशासनाकडून कृती आराखडा मागण्याचा हक्क आहे. आकडा ओलांडला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे इथं आकड्याला धार आहे. स्टुटगार्टच्या हौशी लोकांनी स्वस्तातली सेन्सर यंत्रं घरीच जोडून बाल्कनीत लावली, त्याला अर्थ आला तो यामुळेच.

आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात संभाजीनगर, जालना, लातूर ही तिन्ही शहरं आहेत. म्हणजे सरकारनंच लेखी मान्य केलंय की इथली हवा प्रमाणात बसत नाही. पण हे मोंढ्यात, लातूरच्या गंजगोलाईत किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्या किती जणांच्या कानावर गेलंय? वास नाकाला कळतो, गढूळ पाणी डोळ्यांना दिसतं. हवेतल्या धुळीचा अडीच मायक्रॉनचा कण मात्र कुणाला दिसत नाही. जाणीव खरोखर कमी असेल तर ती इथं, आणि तीही मोजमाप वस्तीपर्यंत पोचत नाही म्हणून. पत्रकं वाटण्यात जाणारा पैसा त्या मोजमापावर लावा. वॉर्ड कार्यालयाबाहेर रोज दोनच आकडे लिहा: कालची हवा कशी होती आणि नळ किती दिवसांनी आला. खाली जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि तक्रारीला उत्तर देण्याची मुदतही लिहा. मावशी रोज वाचेल, आणि मुदत उलटली की कार्यालयात जाऊन उभीही राहील.