पट सतरा, हजर सोळा

फळ्यावर सुविचाराची जागा सगळ्यात वर. गेल्या दिवाळीनंतर आमच्या वर्गातला सुविचार मात्र हळूहळू खाली यायला लागला. आधी तो तारखेच्या रेषेत आला, मग गणिताच्या शेजारी बसला, आणि फेब्रुवारीत इतका खाली उतरला की मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सुविचार दिसंना." माझा उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर' असं सांगितलं. मे महिन्यात 44 अंशांत भाजणाऱ्या सोलापुरात काहीतरी गोठू शकतं, याचंच मला आधी अप्रूप वाटलं. "साखर आहे ना तुम्हाला? मधुमेहींना जास्त होतं हे," ते म्हणाले. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटतं, तोवर व्यायाम करायचा. व्यायाम म्हणजे भिंतीला तोंड करून बोटांनी वर वर चढायचं. मी रोज सकाळी पालीसारखी भिंतीला लागायची आणि स्विचबोर्डापाशी येऊन अडायची. अंबाडा मुलगी घालून द्यायची, ब्लाऊजची मागची गाठ सासूबाई मारायच्या. अख्खं घर मला शाळेत धाडायच्या कामाला लागलं होतं, आणि ते सगळे माझ्याकडे कुणी पहिलीतल्या पोराकडे बघावं तसं बघायचे.

शेवटी कुणीतरी अॅक्युपंक्चर, म्हणजे अंगात सुया टोचायचा चिनी उपचार, सुचवला. अॅक्युपंक्चर म्हटलं की मराठी माणसाला भीष्म आठवतो. आमच्या स्टाफरूममध्ये अकरा जण आहेत. त्यांतल्या नऊ जणांनी शरपंजराचा विनोद केला. उरलेले दोघे त्या दिवशी रजेवर होते.

"अहो, हे आपल्या कोटणीसांनीच तर आणलं चीनमधून," शेजारच्या काकांनी छाती पुढे काढून सांगितलं. भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर, आता तिथं स्मारक आहे, त्यावरून रोज जाणं-येणं असल्यामुळे काकांचा चीनवर हक्कच आहे. पण सत्तावीस वर्षं लाल पेन चालवलेला हात (तो तेवढा खांद्याखाली चालतो) गप्प बसेना. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यविशारद म्हणून. पथकात पाच डॉक्टर होते. कोटणीस परत आलेच नाहीत, 1942 मध्ये तिथंच वारले, वयाच्या 32 व्या वर्षी. सुया आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. काका म्हणाले, "म्हणजे एकाच पथकातले ना? मग झालं की." सोलापूरचे अर्धे गुण काकांनी असे पदरात पाडून घेतले.

पहिल्या दिवशी मी उपाशीपोटी गेले. डॉक्टरकडे सकाळी जायचं तर उपाशी जायचं, हे रक्त तपासून तपासून अंगवळणी पडलेलं. "काय खाऊन आलात?" या प्रश्नाला मी "पाणीसुद्धा नाही" असं पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीच्या थाटात उत्तर दिलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रिकाम्या पोटी सुया टोचल्या की चक्कर येऊ शकते, त्यात मी साखरेवाली. मला खालच्या हॉटेलात इडली खायला पिटाळण्यात आलं. परत आले तर दुसरी चूक सापडली. ब्लाऊजच्या बाह्या इतक्या घट्ट होत्या की कोपराच्या वर सरकेनात, आणि खांदा उघडा पडल्याशिवाय खांद्याला सुई कशी लागणार? मग त्यांचा गाऊन चढवला. त्याच्या बाह्यांत हात घालायला पंधरा मिनिटं लागली, कारण हात वर जात नव्हता, आणि हात वर जात नव्हता म्हणून तर मी तिथं आले होते.

दुसऱ्या खेपेला सैल कपडे घालून, भाकरी खाऊन, अगदी तयारीनं गेले. जून लागला होता. वाटेत टोपलीवाली दिसली, आणि साखरेला चांगली म्हणून पाव किलो जांभळं घेतली. चिनी पद्धतीत नाडीबरोबर जीभही बघतात. डॉक्टर म्हणाले, "जीभ दाखवा." सत्तावीस वर्षं मी ज्या गोष्टीसाठी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, ती गोष्ट मी एका सभ्य गृहस्थापुढे केली. ते गंभीर झाले. टॉर्च आणला. त्यांच्या शास्त्रात जांभळी जीभ म्हणजे रक्त साकळल्याची खूण. "छातीत वगैरे दुखतं का?" त्यांनी हळूच विचारलं. मी पिशवी उघडून दाखवली. तेव्हापासून मला दोन सूचना आहेत: यायच्या आधी जिभेला रंग चढेल असं काही खायचं नाही, आणि त्या सकाळी जीभ घासायचीही नाही, कारण त्यांना वरचा थर बघायचा असतो. जीभ न घासता दवाखान्यात जाणं हे आमच्या आईच्या संस्कारांत बसत नाही. मी दोन सिटिंग चोरून घासली. त्यांनी ओळखलं.

(याला सिटिंग म्हणतात. सगळा वेळ आडवं पडायचं असतं. पण ते असो.)

सुईचं म्हणाल तर सुईला घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी फळ्यावर लिहून द्यायला तयार आहे. वरती नाही, पण मध्यावर. इंजेक्शनची सुई पोकळ, धारदार. ही भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाड, धरली तर लवते. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून येते, डॉक्टर बोटानं टिचकी मारतात आणि सुई आत गेलेली असते. आपण डोळे मिटून ओठ चावून बसलेलो असतो ते फुकट जातं. पुढची गंमत मात्र वेगळी. ते सुई किंचित फिरवतात आणि विचारतात, "जड वाटलं का?" आत कुठंतरी एक बोथट ठणका उठतो, ओला टॉवेल पिळल्यासारखी ओढ लागते. ती लागली की त्यांचा चेहरा खुलतो. मला दुखलं की समोरच्याला आनंद होतो, हे आजवर फक्त तोंडी परीक्षेत बघितलं होतं, तेही टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं.

सुया एकदाच वापरायच्या असतात, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं बघून घ्यावं. मी तारीखही वाचते. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, 2015 चा, आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी लागते, म्हणून भिंतीवरचं प्रमाणपत्रही वाचलं. मानेखाली आणि छातीच्या बाजूला सुई वाजवीपेक्षा खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. क्वचितच होते, पण तेवढ्यासाठी तरी शिकलेला हात असावा. फॉर्म भरताना मात्र लाजू नये. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयात पेसमेकर आहे का (सुयांना वीज जोडतात तेव्हा तो महत्त्वाचा), दिवस गेलेत का, असं सगळं विचारतात. शेवटच्या प्रश्नापुढे मी, वय वर्षं 51, "नाही, आभारी आहे" असं लिहिलं.

आणि हो, खांदा दुखत असताना पहिली सुई गेली ती नडगीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी डॉक्टरांना चूक दाखवली. ते म्हणाले, गोठलेल्या खांद्यासाठी हीच जागा. वर सांगितलं, सुई फिरतेय तोवर हात हळूहळू उचला. उचलला. स्विचबोर्डाच्या दोन बोटं वर गेला असावा. तिथं स्विचबोर्ड नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

आमच्या विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "खोट्या सुया लावूनही लोकांना बरं वाटतं, मॅडम. अभ्यास झालेत. खऱ्या-खोट्यात फरक असतो, पण थोडा." मग म्हणाले, "खांदा तुमचा आपोआपही सुटत असणार." मग म्हणाले, "भिंतीचा व्यायामही असणारच." आता वर आलेल्या दोन बोटांचं श्रेय नडगीला द्यायचं, भिंतीला, की कॅलेंडरला? मी तिघांनाही सोडलं नाही.

आता मुख्य छळ. डॉक्टर सुया लावून पडदा ओढून निघून जातात आणि मदतनीस येऊन सांगतो, "पंचवीस मिनिटं. हलायचं नाही." पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. मान वळवता येत नव्हती. तो पुढे आला आणि मी ओळखलं: तेवीस नंबर. पोरांची नावं मी विसरते, हजेरीचे नंबर नाही. 2011 ची बॅच, खिडकीकडची रांग. या मुलाला मी वर्षभरात "हलू नकोस" हे वाक्य किती वेळा ऐकवलं असेल, याची नोंद त्याच्याकडे नक्की असणार. "नमस्कार बाई," तो म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. एरवी कधी सुटत नाही. मनात सतराचा पाढा म्हटला. मग पडद्यापलीकडून धूर आला. तिथं एका आजोबांच्या गुडघ्यांना शेक देत होते. वाळलेल्या पाल्याची विडी पेटवून कातडीजवळ धरतात; पाला नागदवण्याचा, म्हणजे जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या भाऊबंदातला. वास देवळातला आणि आपण खाटेवर, भलतेच विचार मनात येतात. धुरामुळे तिकडचा एक डास उठून माझ्याकडे आला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर बसला. त्यालाही नेमकी सुईशेजारचीच जागा सापडली. त्याचा कायदा नाही, नोंदणी नाही, पाकीट समोर फोडायची पद्धत नाही. मी बोट नखभर हलवलं.

"बाई, हलूलालाव तुम्ही."

"अरे, डास आहे."

"मला बी चावायचे, बाई. वर्गात."

गप्प पडून राहिले. डास जेवून गेला.

सहाव्या सिटिंगला घोळ झाला. मी पहिल्यापासून सुया मोजायची, सवयच ती. लागल्या सतरा. वेळ संपल्यावर तेवीस नंबर आला, एकेक सुई काढून ट्रेमध्ये टाकायला लागला. टिण, टिण. मी ओठांतल्या ओठांत मोजत होते. "झालं बाई, उठा."

"किती झाल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे किती? आकडा सांग."

त्यानं ट्रेमध्ये मोजल्या. सोळा.

"पट सतरा, हजर सोळा. कुठाय सतरावी?"

पोरगा एकदम सातवीत गेला. त्यानं खाटेखाली बघितलं, चादर झटकली, माझ्याकडे बघून मान खाली घातली. "बाई, सोळाच होत्या की." हे वाक्य मी ओळखते. गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला तेव्हाही स्वर हाच होता. "पुन्हा शोध," मी म्हटलं. "जागेवर नीट बघ." डॉक्टर आले, त्यांनीही शोधलं. शेवटी कानाच्या वर, सैल झालेल्या अंबाड्याच्या आत, केसांच्या पिनेशेजारी सतरावी सापडली. केसांत सुई दिसत नाही आणि टोचलेली जाणवतही नाही. तशीच घरी गेले असते तर संध्याकाळी अंबाडा सोडताना मुलीच्या बोटात गेली असती. डॉक्टरांनी माफी मागितली. तेवीस नंबरनं ती सुई ट्रेमध्ये टाकली आणि न विचारता म्हणाला, "सतरा, बाई."

तेव्हापासून तो लावतानाच आकडा कागदावर लिहितो आणि काढताना मोठ्यानं मोजतो, मी मागून म्हणते. काल आमचं "पंधरा, सोळा, सतरा" संपलं आणि पडद्यापलीकडून गुडघेवाल्या आजोबांचा आवाज आला, "ओ बाई, माझ्या आठ हायत. तेवढ्या बी घेऊन टाका की."