मालकाकडून उत्तर : ‘आंघोळीलाही पैसे घेणारा कॅरॅव्हॅन पार्क’

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. तुमची तक्रार थोडक्यात अशी : मित्रांची तीन कुटुंबं निवांत मुक्कामाला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या या कूबर पीडी गावी आलात, पण आंघोळीला नाणी टाकावी लागली, पायाखाली नुसती खडी, तिन्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, शेजारी-शेजारी लावता आल्या नाहीत, रात्री दहाला अंताक्षरी बंद करायला लावली आणि ‘मालकाने उद्धटपणे नळ बंद केला’.

नळ मी बंद केला, हे अगदी खरं. का केला, तेवढं लिहायचं राहून गेलं तुमचं. तुमच्यातले एक जण पिण्याच्या पाण्याच्या नळाला पाइप जोडून गाडीवरची लाल धूळ धूत होते. पाण्याचा ओघळ चाकांखालून शेजारच्यांच्या तंबूच्या खुंट्यांपर्यंत गेला होता. दोनदा सांगितलं, ‘झालंच, झालंच’ असं उत्तर आलं, मग कॉक फिरवला.

इथे वर्षाला पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आत. आपल्या माणदेशात, ज्याला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही याच्या तिप्पट तरी पडतो. जवळ नदी नाही, धरण नाही. गावाबाहेर वीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं खारं पाणी पाइपने आणायचं, त्यातले क्षार काढायचे आणि मग ते नळाला सोडायचं. त्याचं बिल काय येतं ते मला विचारा! शॉवरला नाणी आहेत ती यासाठी, आणि ती पाटी बुकिंगच्या पानावरही आहे, शॉवरच्या दारावरही. गवताचं म्हणाल, तर इथल्या गोल्फच्या मैदानावरसुद्धा गवत नाही. खेळणारे चेंडू ठेवायला हिरवळीचा तुकडा सोबत घेऊन फिरतात. मी लॉन लावू?

मुलांना मागच्या कुंपणापलीकडे जाऊ दिलं नाही, हेही तुम्ही ‘अति कडक’ म्हणून लिहिलंय. तिकडे ओपल या रत्नाच्या जुन्या खाणींची भोकं आहेत, मीटरभर रुंद आणि काही तर तीस मीटरपर्यंत खोल. फोटो काढताना मागे सरकू नका, अशा पाट्या गावभर उगाच लावलेल्या नाहीत. या बाबतीत मी कडकच राहणार.

अंताक्षरी मला आवडते. पण तुमच्या पलीकडच्या जोडप्याला सकाळी उठून उलुरूच्या प्रचंड लाल खडकाकडे सातशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची होती, तीही अंधार पडायच्या आत, नाहीतर कांगारू आडवे येतात. ‘म’वर गाडं अडलं होतं तुमचं, तेव्हाच सांगायला आलो, मध्येच गाणं तोडलं नाही.

‘गावात करण्यासारखं काहीच नाही’ हे मात्र मनाला लागलं. तुमच्याबरोबरच्या एक वहिनी दुपारभर नूडलिंग करत, म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगात ओपल शोधत बसल्या होत्या. संध्याकाळी ऑफिसात येऊन त्यांनी एक तुकडा थुंकी लावून पुसला आणि दिव्याखाली धरला. रंग नव्हता त्यात, इथे त्याला पॉच म्हणतात. तरी दुपार झकास गेली म्हणाल्या, आणि भूमिगत सर्बियन चर्च किती वाजता उघडतं ते विचारून गेल्या. परीक्षण त्यांनी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

राहता राहिल्या तीन कॅरॅव्हॅन. बुकिंग तीन वेगळ्या नावांनी, तीन वेगळ्या दिवशी झालं होतं आणि एकत्र आहोत हे कुणीच कळवलं नव्हतं. जुलैत शाळांना सुट्ट्या असतात, पार्क भरलेला असतो. पुन्हा याल तेव्हा आधी फोन करा, तिन्ही नावं एकदम सांगा. मागच्या बाजूच्या ड्राइव्ह-थ्रू जागा (एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर) ओळीने देतो, म्हणजे गाडीपासून कॅरॅव्हॅन सोडवायचीही कटकट नाही. दक्षिणेकडून येणार असाल तर टाकी वाटेतल्या ग्लेनडॅम्बो गावात भरून घ्या, पुढे अडीचशे किलोमीटर पंप नाही. शॉवरसाठी सुट्टे माझ्याकडे मिळतात.