नशा उतरली तरी धूसरपणा जातोच असं नाही
'दारूमुळे आलेला धूसरपणा नशा उतरली की जातो' हे नजर धूसर होण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला खटकलं. एका रात्रीपुरतं ते खरं असेल, पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं काय? आमचे तासगावचे मामा रोज प्यायचे, सोबत तंबाखू आणि जेवण नावालाच. आधी समोरच्याचा चेहरा पुसट झाला, कडेचं मात्र नीट दिसायचं. मग तांबडी मिरची मळकट दिसू लागली. दोनदा चष्म्याचा नंबर बदलून दिला गेला, उपयोग शून्य. शेवटी मिरजेतल्या डॉक्टरांनी डोळ्यांआधी जेवणाची चौकशी केली! बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड कमी पडून डोळ्याची नस सुकत चालली होती. दारू-तंबाखू सुटली, इंजेक्शनं झाली, तेव्हा काही महिन्यांनी पेपरातले मथळे वाचता येऊ लागले. बारीक अक्षर अजून नाही. लवकर गेलो असतो तर नजर जास्त वाचली असती, ही बोच आजही आहे.

आणि त्या लेखात मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा उल्लेखच नाही? विषारी दारूत हेच असतं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते थेट दृष्टिपटलावर आणि नसेवर घाव घालतं. त्रास बऱ्याचदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतो, म्हणून लोक हँगओव्हर समजून झोपून राहतात. डोळ्यांपुढे पांढरं धुकं आलं की तडक मोठ्या दवाखान्यात न्या, डायलिसिसची सोय असलेल्या.