टायमिंग बेल्ट ओरडत नाही, एकदम तुटतो

गेल्या महिनाभरात चार ड्रायव्हरांनी मला मोबाइलवर एकच मेसेज दाखवला. चौघांच्याही डिझेल व्हॅन, चौघंही अंबाबाई-जोतिबाची भाडी मारणारे. मेसेज असा: ‘टायमिंग बेल्ट किलोमीटर बघून बदलू नका. जायच्या आधी तो आवाज करतो. तुटला तरी गाडी नुसती बंद पडते, नवा घालून धक्का मारायचा. बदललाच तर फक्त पट्टा बदला, टेन्शनर आणि पंप हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे. जुन्या पट्ट्यावर रंगाची खूण केली की घरीही बसतो.’

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेलचंच काम करतो. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह, म्हणजे झडपा, पिस्टनच्या तालावर उघडझाप करायला लावणारा पट्टा. टेन्शनर ही तो ताणून धरणारी पुली, आणि पंप म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा. हा मेसेज ज्यांच्याकडं जातोय त्यांच्या घरची चूल त्या व्हॅनवर पेटते, म्हणून एकेक वाक्य घेतो.

आधी आवाजाचं. हा समज कुठून आला ते कळतं. आपल्याकडं पट्टा म्हटलं की गुऱ्हाळाचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. इंजिनापासून चरकापर्यंत गेलेला, चपटा. ऊस जास्त घातला की घसरतो, घसरला की किंचाळतो, तुटला तर सांधून परत चढवायचा. इंजिनाला काहीही होत नाही. गाडीतला अल्टरनेटरचा पट्टाही त्याच जातीचा, सकाळी गार इंजिनात चिरचिरतो तो तोच. टायमिंग बेल्ट दातेरी असतो. त्याचे दात पुलीच्या खाचांत बसलेले असतात, तो घसरतच नाही, मग किंचाळणार कशानं? रबराच्या आत काचतंतूच्या दोऱ्या असतात, त्या आतल्या आत कमजोर होतात. हल्लीच्या रबराला वरून भेगासुद्धा सहसा दिसत नाहीत. त्यामुळं कव्हर काढून ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणण्यावर विसंबता येत नाही. आवाज आलाच तर तो टेन्शनरच्या नाहीतर पंपाच्या बेअरिंगचा असतो. तो आला तर त्याच दिवशी उघडा, पण येईलच म्हणून वाट बघू नका.

‘तुटला तरी गाडी नुसती बंद पडते.’ या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, कॅम म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, आणि हा हिशेब पट्टा सांभाळतो. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर आणायची, तिच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. एवढी दाबायची तर पिस्टन हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, जवळजवळ टेकावा लागतो, वर उरते ती मिलिमीटरभर फट. म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त पाळीपाळीनं. पट्टा तुटला की कॅम थांबतो, उघडे वॉल्व्ह तसेच खाली लोंबतात आणि पिस्टन खालून येऊन आदळतो. वॉल्व्ह वाकतात, त्यांना दाबणारे रॉकर तुटतात, कधी कॅमशाफ्टही जातो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत वर जागा मोकळी असते, तिथं गाडी खरंच नुसती बंद पडते. तो अनुभव कुणीतरी डिझेलला चिकटवला. वेळेवर केलं तर एका दिवसाचं काम. तुटल्यावर हेड उतरवा, वॉल्व्ह बदला, सीट बसवा, नवं गॅस्केट घाला, आणि तेवढे दिवस भाडं बंद.

आता किलोमीटर. मेसेज म्हणतो बघू नका, मी म्हणतो नुसते किलोमीटर बघून भागणार नाही. हायवेला ताशी ६० च्या वेगात मिनिटाला २,००० फेरे धरले तर एका किलोमीटरला क्रँकचे २,००० फेरे होतात. आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर ताशी ३० नं, २,५०० फेऱ्यांवर चढताना तेच ५,००० होतात. भवानी मंडपाजवळ प्रवाशांची वाट बघत एसी लावून गाडी तासभर उभी राहिली, तर ८०० फेऱ्यांच्या हिशेबानं ४८,००० फेरे झाले. म्हणजे हायवेचे २४ किलोमीटर, आणि मीटरवर शून्य. शिवाय उष्णतेनं आणि नुसत्या वयानंही रबर कडक होतं, म्हणून गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. घाटातली भाडी जास्त असतील तर त्याच्याही थोडं आधी. क्रँकच्या सीलमधून तेल गळून पट्टा भिजला असेल तर पुस्तकही बघू नका, सील आणि पट्टा दोन्ही बदला.

टेन्शनरबद्दल. गरज नसलेलं काम गळ्यात मारणारे आमच्या धंद्यात आहेत, ते मी नाकारत नाही. तुमच्या इंजिनाला पट्ट्याऐवजी चेन असेल तर पट्टा बदलायचा प्रश्नच नाही, तेवढं आधी विचारा. पण पट्टा असेल तर टेन्शनर आणि आयडलर (पट्ट्याला वाट देणारी पुली) त्याच्याइतकेच फिरलेले असतात. त्यांचं बेअरिंग अडकलं की नवा पट्टाही जातो. पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही आत्ताच बदलावा, कारण नंतर गळाला तर सगळी खोलाखोल आणि तीच मजुरी पुन्हा.

जुन्या पट्ट्यावर रंगाची खूण करून तिच्यावरून नवा बसवला की जुनी चूकच नव्या पट्ट्यावर उतरते. आधी एक दात चुकलेला असेल तर पुन्हा तसाच बसतो. क्रँक आणि कॅम पिननं लॉक करायचे, टेन्शन कंपनीनं सांगितल्याप्रमाणे द्यायचं, मग पिना काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि पुलीवरच्या खुणा परत बघायच्या. पट्ट्यावरचा रंग दोन फेऱ्यांनी जागेवर येत नाही, त्यावरून घाबरू नका. हातानं फिरवताना कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. थांबून परत खोलायचं.

राहिला धक्का. मागच्या हिवाळ्यात घाटातून टो होऊन एक व्हॅन आली. चालता चालता बंद पडल्यावर ड्रायव्हरनं आधी दोनदा स्टार्टर मारला, मग प्रवासी उतरवून उतारावर धक्का दिला. एका वॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं होतं. फिरवलेल्या प्रत्येक फेऱ्याला पिस्टननं ते हेडवर ठोकलं होतं. पिस्टन गेला, हेडही गेलं. चालू गाडी एकदम बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं, तर चावी तिथंच बंद करा आणि टो मागवा.